उत्तर देणारा पत्ता

सकाळी एकही तक्रार आली नव्हती, आणि दीपमालाला पहिल्यांदा खटकलं ते हेच. धाराशिवला बार्शी नाक्याजवळच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, 'बालाघाट नेटवर्क्स'ची मशीनची खोली होती. त्या खोलीच्या भिंतीवरच्या पडद्यावर चार रेघा दिवसरात्र हलत असत. कंपनीकडे इंटरनेटवरचे स्वतःच्या मालकीचे हजारभर पत्ते होते. त्यांचे चार वाटे केलेले, आणि एकेका वाट्यावरची ये-जा एकेका रेघेत दिसे. त्यातली तिसरी रेघ आज आडवी होती. खाली-वर काही नाही, वाळवणाच्या दोरीसारखी ताणलेली. या वाट्यात परंडा-भूम भागातला दूध संघ होता. गावोगावच्या संकलन केंद्रांवरची यंत्रं सकाळ-संध्याकाळ दुधाचे आकडे संघाच्या सर्व्हरला पाठवत, तिकडून होकार आला की शेतकऱ्याच्या हातात पावती पडे. यंत्रं जुनी, सर्व्हरचा पत्ता त्यांच्या पोटात कायमचा घातलेला, तो बदलायचा तर प्रत्येक गावात जाऊन यंत्र उघडावं लागलं असतं. म्हणजे तिसरी रेघ पडली तर केंद्रांवर बोंब व्हायला हवी होती. सकाळचं दूध होऊन गेलं होतं, उन्हं चढली होती, आणि फोन वाजला नव्हता.

ती कालच सोलापूरहून परतली होती. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आठवडाभर तिकडं होती आणि त्या आठवड्यात तिला खोलीची आठवण यायची ती आवाजाची. पंख्यांचा तो एकसुरी घों घों आवाज दवाखान्याच्या शांततेत कानाला हवासा वाटायचा. आता तो आवाज होता, पण त्यात काहीतरी कमी आहे असं तिला वाटत राहिलं. तिनं संघाच्या पत्त्याला हाक मारून बघितली. या कामात अशी साधी हाक मारता येते. पलीकडं कुणी असेल तर तो नुसता 'आहे' म्हणतो. उत्तर आलं. लगेच आलं, चांगलं खणखणीत. रेघ आडवी आणि पत्ता मात्र जागा. तिनं हाक कुठून कुठं जाते ते बघितलं, तर ती धाराशिवात वळतच नव्हती. पुण्यावरून मुंबईला जात होती आणि तिथं एका मोठ्या क्लाउड कंपनीच्या जाळ्यात शिरून उत्तर घेऊन परत येत होती. आपल्या घराचं दार वाजवावं, आतून 'कोण?' असा आवाज यावा, आणि तो आवाज दुसऱ्याच गावातून यावा, तसं तिला झालं. तिनं हात मागं घेतला, जणू हाक मारल्याचं पलीकडच्याला कळलं असेल.

जगातला कुठला पत्ता कुणाच्या जाळ्यातून जाहीर होतोय हे कुणालाही बघता येतं. तिनं ते पान उघडलं. तिसऱ्या वाट्यासमोर क्लाउड कंपनीच्या जाळ्याचा क्रमांक होता आणि त्याच्यापुढं हिरवी खूण. तिला खरा धक्का बसला तो त्या खुणेचा. चोरून पत्ते पळवणारे असतात, पण त्यांच्यापुढं हिरवी खूण येत नाही. ती येते मालकानं लिहून दिल्यावर. पत्त्यांच्या मालकानं नोंदणी संस्थेकडं जाहीर करायचं असतं, की माझे हे पत्ते अमक्या जाळ्यानं पुकारले तर ते खरं समजा. बाकीची जाळी ती नोंद बघून वाट देतात, आणि नोंद जुळली नाही तर त्यांतली बरीचशी ती वाट सोडून देतात. त्या नोंदीला इंग्रजीत लांबलचक नाव होतं. खोलीत सगळे तिला 'सही' म्हणत. हजार पत्त्यांवर कंपनीच्या स्वतःच्या जाळ्याची सही होती, ती दीपमालानंच याच खुर्चीत बसून केली होती आणि त्या दिवशी पेढे वाटले होते. तिसऱ्या वाट्यावरची ही दुसरी सही तिची नव्हती. तिच्यामागं, ती डोळ्यांत थेंब घालायच्या वेळा सांभाळत असताना, कुणीतरी कंपनीच्या नावानं लिहून दिलं होतं की आमचे पत्ते मुंबईत पुकारले तरी चालतील.

संघाचं नवं सॉफ्टवेअर येणार हे तिला माहीत होतं. त्यासाठी तिनं खोलीतल्या दुसऱ्या कपाटात जागा रिकामी ठेवली होती, वायरी ओढून, त्यांच्या टोकांना चिकटपट्टीवर नाव लिहून. तेच सॉफ्टवेअर क्लाउडवर नेलं असेल आणि यंत्रांचा पत्ता बदलता येत नाही म्हणून पत्तेही बरोबर नेले असतील, हा विचार तिच्या मनात पहिल्या पाच मिनिटांतच येऊन गेला होता. सगळं नीट बसत होतं. पण तसं असतं तर मालकांनी, कृष्णराजदादांनी, सांगितलं असतं. तिच्या हाताखाली तयार झालेल्या प्रसेनजितनं तर आधी विचारलंच असतं. ज्या अर्थी कुणी सांगितलं नाही त्या अर्थी ते सांगण्यासारखं नसणार. आणि मग तो पहिला विचार इतका नीट बसतो याचीच तिला शंका येऊ लागली.

नोंदणी संस्थेच्या पोर्टलवर कंपनीचं खातं एकच होतं. तिघं ते वापरत: मालक कृष्णराज, ती आणि प्रसेनजित. आत शिरताना सहा आकडे येत ते एका साध्या बटणांच्या फोनवर, आणि तो फोन चहाच्या ओट्यावर साखरेच्या डब्याशेजारी ठेवलेला असे. कोण कुठंही असो, फोन करून बंडप्पाला विचारायचं आणि बंडप्पानं आकडे वाचून दाखवायचे, अशी रीत पडून गेली होती. बंडप्पा मुरूमकडचा, साठीला आलेला, कार्यालय झाडण्यापासून बिलं पोचवण्यापर्यंत सगळं बघणारा. ती ओट्यापाशी गेली.

"बंडप्पा, मी नसताना कुणी आकडे मागितले होते?"

"मागत्यात की. रोजच मागत्यात कोण ना कोण. बँकेचं येतंय, लाइटबिलाचं येतंय."

"नोंदणीचे. इंग्रजीत मोठं नाव असतं वर."

"त्ये व्हय. प्रसेनजितनं मागितलं की. तुमी सोलापूरला व्हता तवा. मागितलं, म्या सांगितलं."

"कशासाठी ते विचारलं नाही?"

"म्या कशाला इचारू? सहा आकडे असतेत, माज्या पोटात मावत न्हाईत. आलं की सांगून मोकळा." त्यानं गाळणी झटकली. "का वो ताई, काय झालंय का?"

"काही नाही."

"मग तोंड असं का केलंय? चा ठेवू का?"

प्रसेनजित. नाव ऐकल्यावर तिला आश्चर्य वाटलं नाही, आणि आश्चर्य वाटलं नाही हे तिच्या ध्यानात आलं ते बऱ्याच वेळानं. तो जळकोटचा. केबल ओढायला आलेला मुलगा, खांबावर चढून वरूनच प्रश्न विचारायचा: ताई, हा पत्ता इथंच आहे हे बाकीच्या दुनियेला कोण सांगतं? तिनं त्याला खोलीत बसवलं, शिकवलं. सही कशी करायची, केव्हा करायची. नव्या जागेची सही आधी लागली पाहिजे, मग माल हलवायचा. आणि कुणाला विचारल्याशिवाय सही कधी काढायची नाही, लावलेली चुकीची वाटली तरी. त्याला कायम करायचं ठरलं तेव्हा कृष्णराजनं विचारलं होतं, "कुठला म्हणायचा?" ती म्हणाली, "जळकोटचा." "ते कळलं. पण कुणाचा?" "वडील एस.टी.त होते. आबाराव म्हणून." कृष्णराज 'हं' म्हणाला होता. काय विचारलं जातंय ते तिला कळलं होतं, आपण काय टाळलं तेही, आणि आपण पोराची बाजू राखली असं तिनं त्या दिवशी स्वतःला सांगितलं होतं. आता तीच गोष्ट तिला वेगळी दिसू लागली. आपण त्याच्याबद्दल किती थोडं जाणतो. त्याच्या घरी ती कधी गेली नव्हती. लग्न ठरलंय म्हणाला होता, पौर्णिमा नाव आहे म्हणाला होता, पुण्यात कुठल्याशा क्लाउडच्या कंपनीत आहे म्हणाला होता. क्लाउडच्या कंपनीत. हे त्यानं सांगितलं तेव्हा ती हसून 'छान' म्हणाली होती.

तिनं त्याला फोन लावला. वाजून थांबला. पुन्हा लावला, तेव्हा कट झाला आणि निरोप आला: 'ताई, केंद्रावर आहे, नंतर करतो.' तिनं तो निरोप दोनतीनदा वाचला. कुठल्या केंद्रावर? कशाला? मग दादांना लावला. कृष्णराज परंड्याला संघाच्या कार्यक्रमात होता. मागं लाउडस्पीकरवर कुणीतरी 'हॅलो, हॅलो, चेक' करत होतं.

"दादा, आपल्या तिसऱ्या वाट्यावर दुसऱ्याची सही आहे. मी केलेली नाही."

"कसली सही? कशावर?"

"पत्त्यांवर. पोर्टलवर. मी नसताना केलीय. तुम्हाला काही माहीत आहे का?"

"मला नाय बा काय म्हाईत. चेकवर का?"

"चेक नाही, दादा. आपले पत्ते दुसरीकडून चालू आहेत."

"बंद हाय का काय?"

"बंद नाही. चालू आहे."

"मग?" तो हसला, मग कुणाला तरी 'आलो, आलो' म्हणाला. "हे बघा ताई, इथं काय आईकू येईना. मी आल्यावर बघू. तवर हात लावू नका. आणि न विचारता कुणी केलं असंल तर त्येला मी घरी पाठवतो, मग तो कोण का असंना. ठेवतो."

तवर हात लावू नका. हे वाक्य तिच्या डोक्यात फिरत राहिलं. माहीत नाही म्हणणारा माणूस 'हात लावू नका' कशाला म्हणेल? का तोही त्यात आहे? खोली बंद करायची असेल. पत्ते क्लाउडवर गेले की या कपाटांचं काय काम, या पंख्यांचं काय, आणि तिचं तरी काय. आज तिसरा वाटा, उद्या चौथा, एकेक रेघ आडवी पाडत न्यायची, आवाज न करता, तक्रार येऊ न देता. आणि ती सोलापूरला जायची वाट बघून. सासूबाईंच्या ऑपरेशनची तारीख तिनं सगळ्यांना दोन आठवडे आधी सांगितली होती. प्रसेनजितनं 'ताई, तुम्ही बिनघोर जा' असं म्हटलं होतं. बिनघोर. शब्द कसा आपणहून निवडल्यासारखा. तिनं संघाच्या कार्यालयात फोन केला, तिथली शिवांजली नावाची मुलगी ओळखीची होती. ती म्हणाली, "काय केलं वो मॅडम तुम्ही? काल संध्याकाळपासून पावत्या लई फास्ट निघायल्यात! लोक म्हणायलेत, यंत्र बदललं का काय." दीपमाला 'हो का' म्हणाली आणि फोन ठेवला. घरात कुणी शिरलंय आणि घर आधीपेक्षा चांगलं चाललंय. जो मध्ये बसून सगळं वाचतो तो काम थांबवत नाही, उलट सुरळीत ठेवतो. हेही तिनंच प्रसेनजितला शिकवलं होतं.

बाहेर ज्वारी काढणीच्या दिवसांतलं कोरडं ऊन होतं. खिडकीच्या काचेवर धुळीचा थर, त्यावर कुणीतरी बोटानं ओढलेली रेघ. तिला वडील आठवले. भूकंपाच्या वेळी ती पहिलीत होती. सास्तूरला नवं गाव वसलं तेव्हा सगळी घरं एकसारखी, सरळ रांगांत, क्रमांक टाकलेली. पहिले काही महिने माणसं चुकून दुसऱ्याच्या घरात शिरायची आणि ओशाळून बाहेर यायची. वडिलांना, बब्रुवान त्यांचं नाव, कोपऱ्यावरचं घर मिळालं होतं आणि धाकट्या चुलत्याला मधलं. कोपऱ्यावरच्या घराला दोन बाजूंनी वारा. चुलत्यानं कधी तोंडातून काही काढलं नाही, पण वडिलांच्या मनानं घेतलं की हा घर आपल्या नावावर करून घेणार. बाजाराच्या दिवशी ते तालुक्याला जात, कचेरीत शिरून आपलं नाव बघून येत. नाव असे. ते बघून त्यांना बरं वाटेल असं लहानपणी तिला वाटायचं. उलट परत आल्यावर ते जास्तच गप्प असत. चुलती कधी शेंगोळ्याची वाटी पाठवायची, तर वडील म्हणायचे, "आज कशी काय आठवण झाली?" वाटी तशीच परत जायची. ती आणि चुलतभाऊ एकाच वर्गात, एकाच वाटेनं शाळेत जायचे, पण बोलायचे ते गाव मागं पडल्यावर. चुलते गेले तेव्हाही नाव जिथल्या तिथं होतं. वडिलांनी त्यांच्या तिसऱ्या दिवशी बसल्या बसल्या एवढंच म्हटलं, "लई धीराचा माणूस होता," आणि ते कौतुक होतं की अजूनही संशयच, हे तिला कधी कळलं नाही.

तिनं डबा उघडला आणि बंद केला. बंडप्पा जेवायला बसला होता. तिनं खुर्ची पुढं ओढून पोर्टल उघडलं. बघायला म्हणून. आकड्यांसाठी बंडप्पाला हाक मारावी लागली, त्यानं डाव्या हातानं फोन धरून, तोंडात घास ठेवूनच आकडे सांगितले. दोन्ही सह्या एकाखाली एक होत्या. वरची तिची, खालची परकी. खालच्या सहीत एक चूक नव्हती. नेमका तेवढाच वाटा, एक पत्ता कमी नाही की जास्त नाही, तिनं शिकवलं होतं तशी. बेफिकिरीनं केलेली असती तर तिला कदाचित धीर आला असता. नीटनेटकेपणाच तिला बोचला. विचारल्याशिवाय काढायची नाही. पण तिनं विचारलं होतं की. एकानं फोन कापला, दुसरा हसला. दूध आता संध्याकाळपर्यंत नाही. सही निघाली तर मुंबईची वाट हळूहळू बंद पडेल, आणि ज्याचा हात त्यात आहे त्याला आपणहून फोन करावा लागेल. मग बघू कोण फोन करतं. एवढा सगळा विचार तिनं शब्दांत केला असंही नाही. बोट पुढं गेलं, खात्री आहे का असं पडद्यानं विचारलं, आणि तिला खात्री होती. सही निघाली. खोलीतला आवाज होता तसाच राहिला.

दुपारभर काही झालं नाही. हिरवी खूण जाऊन तिथं लाल आली, ती बघून तिला सकाळपासून पहिल्यांदाच भूक लागल्यासारखं वाटलं आणि तिनं डबा खाल्ला. प्रसेनजितचा फोन आला नाही. याचा अर्थ त्याला अजून कळलं नाही, किंवा कळलंय आणि तो गप्प बसून आपला अंदाज घेतोय. दोन्ही तिला सारखंच खरं वाटत होतं.

उन्हं कलली तशी तिसरी रेघ हलली. आधी जरा, मग उभी चढत गेली. दीपमाला उठून पडद्यापाशी गेली. जिथं आता कुणी राहत नव्हतं त्या पत्त्यावर बाहेरून कुणीतरी येत होतं, आणि एक नाही, अनेक. दारावर थाप मारायची, उत्तर नाही, पुन्हा मारायची. दहा ठिकाणांहून, वीस ठिकाणांहून, थोड्या थोड्या वेळानं, न थकता.  सुरू झालं, ती मनात म्हणाली; सही काढल्याचं त्यांना कळलं आणि आता ते खोलीवरच चालून आलेत.  तिला आत कुठंतरी बरंही वाटलं. सकाळपासून जे एकटीला दिसत होतं ते आता भिंतीवर सगळ्यांना दिसण्यासारखं होतं. 'त्यांना' म्हणजे कुणाला, हे मात्र तिला सांगता आलं नसतं. सगळ्या थापा रोखून धरायचा हुकूम ती लिहायला बसली आणि लिहिता लिहिता कोण कुठून येतंय ते बघत गेली. मोबाइल कंपन्यांची सिमकार्डं. भूमकडची. जिल्ह्यातल्याच वाशी तालुक्याकडची. परंड्याच्या आसपासची. प्रत्येक थापेबरोबर एक छोटासा मजकूर, रोज तोच असणारा, तिनं शेकडो वेळा बघितलेला: केंद्राचा क्रमांक, गाय की म्हैस, लिटर, फॅट.

दुधाची वेळ झाली होती.

तिनं हुकूम लिहिणं थांबवलं. यंत्रं आपली नेहमीच्या पत्त्यावर आली होती. मुंबईची वाट लाल झाल्यावर ज्या मोबाइल कंपन्या सही तपासतात त्यांनी ती वाट सोडली आणि यंत्रांना कंपनीच्या अजून चालू असलेल्या जुन्या वाटेनं, धाराशिवला, रिकाम्या दारात आणून उभं केलं. ज्या तपासत नाहीत त्यांची यंत्रं अजून मुंबईला पोचत होती. म्हणजे एका गावात पावती निघत असेल आणि शेजारच्या गावात नाही, आणि कुणालाच काही कळत नसेल. मागच्या बाजूला, चहाच्या ओट्यावरून, बंडप्पा कुणाशी तरी पाण्याच्या टाकीबद्दल बोलत होता. ती लिहिलेला हुकूम पुसत होती तेव्हा फोन वाजला. दादांचा.

"ताई, इथं राडा झालाय नुसता! आसपासची चार केंद्रं चालू, पाच बंद. लोकं दूध भरून कँड घेऊन हुबी हायेत, पावतीबिगर ओतायला तयार न्हाईत. सकाळी नारळ फोडला आन् संध्याकाळी हे. तुमचा हा प्रसेनजित हितंच हुबा हाय माझ्यापुढं, म्हणतोय, मी काय केलं न्हाई. मग भुतानं केलं व्हय?" आवाज बाजूला वळला. "तूच म्हणला न्हवता का, 'सर, दूध संघाचं क्लाउडवर टाकू' म्हणून? जळकोटच्या एका लग्नात मला गाठून? मी म्हणलं, कर बाबा. हे करायला म्हणलं व्हतं का?"

मागून प्रसेनजितचा आवाज आला, शांत, दूरचा. "सर, ताईंना सांगा म्हणालो होतो मी. तुम्ही म्हणालात, मी बोलतो."

"बोलायचं ऱ्हायलं आसंल. त्येचा काय संबंध? ताई गावाला व्हत्या. काम कुणी केलं? तू. बंद कुणामुळं पडलं?" कँडचं झाकण पडल्याचा आवाज, कुणीतरी ओरडलं, 'ओ मालक, म्हशी पिळायच्या राहिल्यात अजून घरी.' कृष्णराज पुन्हा फोनवर आला. "सकाळी तुम्ही म्हणला तेच बरोबर हुतं, ताई. मला तवा टाळक्यात शिरलं न्हाई. याला आजच्या आज मोकळा करतो. आमचं चुकलं, ठेवून घेतला तेच."

"फोन स्पीकरवर आहे का?" तिनं विचारलं.

"हाय की. सगळीच आईकायलेत."

"ताई," प्रसेनजित म्हणाला. जवळ आला असावा. "एकदा सही बघता का? लागलेली आहे ना? नोंदणीकडून कधी कधी गडबड होते."

तिला कळलं की त्याला कळलंय. खातं वापरणारे तिघं. एक परंड्यात लोकांपुढं उभा, एक स्वतः तो. तिसरं कोण, हे मोजायला काही लागत नव्हतं. आणि त्यानं मोजून, मालकापुढं, पाचपन्नास माणसांपुढं, तिला एक दार उघडं ठेवलं होतं: नोंदणीची गडबड. ती त्या दारातून बाहेर पडली असती तर तिला कुणी अडवलं नसतं. तिच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही की, हा आपल्याला का वाचवतोय? याला काय हवंय? सकाळपासून तापलेलं मन थांबायला तयार नव्हतं, त्यानं हेही उचललं, उलटसुलट करून बघितलं.  एकीकडं हात पोर्टलवर गेला होता. तिनं बंडप्पाला हाक मारली, आकडे घेतले, सही जशीच्या तशी पुन्हा लावली. हे तिला डोळे मिटून करता आलं असतं. पुढचं येत नव्हतं.

"ताई? हायेत का तुम्ही?" कृष्णराज.

"दादा, सही मी काढली. दुपारी. तुम्ही हात लावू नका म्हणालात तरी काढली. प्रसेनजितचं काम बरोबर होतं. आता परत लावलीय, थोडा वेळ लागेल पसरायला."

 पलीकडं कुठंतरी मोटारसायकल बंद झाली. तिला दादांचं सकाळचं वाक्य आठवलं. घरी पाठवतो, मग तो कोण का असंना.

"तुम्ही?" कृष्णराज म्हणाला. आणि मग त्याच्या आवाजातला सगळा ताण उतरला, तिला तो उतरताना ऐकू आला, कँडमधून दूध उतरावं तसा. "मग असू द्या, असू द्या. तुम्ही काय तरी बघूनच काढली आसंल. माणसाच्या हातनं हुतंय. मला वाटलं, काय झालं न् काय न्हाई." तो लोकांकडं वळला असावा. "अरे, काय न्हाई, आमच्या ताईंनी जरा ब्रेक दाबला व्हता! येतंय, येतंय, थांबा घटकाभर." दोघंतिघं हसली. "ताई, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. सासूबाई कशा हायेत? दिसायला लागलं का?"

"दिसतंय," ती म्हणाली.

आणखी काही बोलावं असं तिला वाटलं. आत्ता त्याला जे बोललात ते मला बोला, असं काहीतरी. वाक्य तयार होतं, पण ते तोंडाशी आलं तेव्हा तिला दिसलं की सकाळी बंडप्पानं नाव घेतलं त्या क्षणी आपल्याला आश्चर्य का वाटलं नव्हतं. कृष्णराजला जसं आत्ता तिच्या नावावर विश्वास ठेवायला काही लागलं नाही, तसंच तिलाही सकाळी प्रसेनजितच्या नावावर संशय घ्यायला काही लागलं नव्हतं. फोनवर कुणीतरी कँड सरकवत होतं. प्रसेनजित तिथंच उभा असणार, स्पीकरच्या इतक्या जवळ की त्याचा श्वास ऐकू यायला हवा होता. तिनं कान दिला.  भिंतीवर तिसरी रेघ उतरू लागली होती. एकेक यंत्र तिचं दार सोडून निघून जात होतं.

मग यंत्राचा किर्र आवाज आला, कागद फाटल्याचा आवाज आला, आणि प्रसेनजितनं, रोजच्या कामाच्या सुरात, कसलाही राग न लावता सांगितलं:

"निघाली पावती, मॅडम."